विजेची मोटार, नाशिकचा पाऊस आणि टायरांचा ऋतू

ऑक्टोबर उजाडला की ऑस्लो, स्टॉकहोम, म्युनिक किंवा माँट्रियल येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे एक काम हमखास उभे राहते. मोटारीचे उन्हाळी टायर उतरवायचे आणि हिवाळी टायर चढवायचे. जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा त्याचा ठोकताळाच आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. नॉर्वेत हिवाळ्यात टायरच्या नक्षीची खोली किमान ३ मिलिमीटर असावी लागते. उतरवलेले टायर ठेवायला घरात जागा नसेल, तर भाडे घेऊन ते सांभाळणारी गोदामे तेथे असतात आणि त्यांना लोक ‘टायरांचे हॉटेल’ म्हणतात. याच नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के मोटारी पूर्णतः विजेवर चालणाऱ्या होत्या. साहजिकच विजेची मोटार आणि ऋतूनुसार टायर बदलणे या दोन गोष्टींची सांगड जगात प्रथम तेथे घातली गेली. विजेच्या मोटारीच्या टायरांविषयी इंटरनेटवर मिळणारा बराचसा सल्लाही तेथूनच आलेला असतो.

हा सल्ला नाशिकमध्ये जसाच्या तसा लागू पडत नाही. पण तो मोडीत काढावा असेही नाही. टायर ऋतूसाठी असतो, हे त्यातील मूळ सूत्र नाशिकलाही तंतोतंत लागू आहे. फरक एवढाच की, येथील टायरांचा ऋतू बर्फाचा नसून पावसाचा आहे, आणि त्याची फारशी दखल ना वाहनमालक घेतो, ना विक्रेता, ना शासन.

हिवाळी टायर म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची रस्त्यावरील पकड कमी होते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे केलेले असते आणि त्याच्या नक्षीवर असंख्य बारीक चिरा असतात. बर्फात या चिरांच्या कडा रुततात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असेल, तरच तो खरा हिवाळी टायर. अनेक एसयूव्ही गाड्यांच्या टायरांवर ‘एम अधिक एस’, म्हणजे ‘चिखल व बर्फ’, अशी अक्षरे असतात. ती पाहून आपल्याकडे हिवाळी टायर आहेत असा काहींचा समज होतो. ती अक्षरे नक्षीच्या स्वरूपाविषयी असतात, बर्फावरील चाचणीविषयी नव्हे.

आता नाशिकचा हिवाळा. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या जवळपास दर वर्षी येतात आणि द्राक्ष बागाईतदारांच्या काळजात धस्स होते. म्हणजे सात अंशांची ती रेषा नाशिक जिल्हा ओलांडतो. पण ओलांडतो तो पहाटे तीन-चार तासांसाठी. त्याच दिवशी दुपारी पारा पंचवीस-तीस अंशांवर असतो, रस्ता कोरडा असतो आणि डांबर तापलेले असते. अशा रस्त्यावर मऊ रबराचा हिवाळी टायर लिबलिबीत होतो, लवकर झिजतो आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेतो. मनाली, लाहौल किंवा काश्मीरमध्ये वर्षभर गाडी ठेवणाऱ्याने हिवाळी टायरांचा विचार जरूर करावा. नाशिककराने त्यावर एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही.

मात्र नाशिकच्या थंडीचा एक परिणाम खरा आहे आणि तो हवेच्या दाबावर होतो. दुपारी तीस अंशांवर ३३ पीएसआय भरलेली हवा पहाटे आठ अंशांवर साडेएकोणतीसच्या आसपास येते. कोठेही पंक्चर नसताना साडेतीन पीएसआय कमी! नव्या गाड्यांत दाब दाखवणारी यंत्रणा असते. तिचा पिवळा दिवा डिसेंबरच्या सकाळी पेटतो आणि दुपारी विझतो तो यामुळेच. ‘सेन्सर बिघडला’ म्हणून पुष्कळजण त्याकडे दुर्लक्ष करतात. नायट्रोजन भरल्याने हा प्रश्न सुटतो, हाही एक गोड गैरसमज आहे. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत आकुंचन पावण्याचा नियम दोघांनाही सारखाच आहे. दाब पाहायचा तो सकाळी, गाडी काही अंतर धावण्यापूर्वी, आणि दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा, एवढे पथ्य पुरेसे आहे.

पावसाचे गणित

नाशिक शहराची वार्षिक सरासरी पावसाची नोंद सातशे मिलिमीटरच्या घरातली. तेथून पंचेचाळीस किलोमीटरवरील इगतपुरीत तीच तीन हजारांच्या आसपास जाते, आणि त्र्यंबकेश्वरचा पाऊसही शहराच्या कितीतरी पट असतो. मुंबईला जायचे तर इगतपुरी-कसारा ओलांडावेच लागते. त्र्यंबक, पेठ, हरसूल, सुरगाणा या बाजूला गेले तरी पावसाच्या पट्ट्यात शिरणे अटळ. म्हणजे कॉलेज रोडवर किंवा इंदिरानगरात कोरड्या रस्त्यावर चालणारी गाडी तासाभरात अशा ठिकाणी पोहोचते, जेथे रस्त्यावर पाण्याचा थर उभा असतो.

या थराचा आकडा काढून पाहण्यासारखा आहे. सुमारे २०५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने ३ मिलिमीटर पाण्यावरून गेला, तर त्या एका टायरला दर सेकंदाला तेरा लिटरहून अधिक पाणी बाजूला सारावे लागते. साधारण एक बादली, प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक पुढच्या चाकाने. हे पाणी जाण्याची वाट म्हणजे टायरच्या खाचा. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखाली अडकते, टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टेअरिंग अचानक हलके लागते. त्या क्षणी गाडी चालकाची राहिलेली नसते.

हे तरंगणे कोणत्या वेगाला सुरू होते, याचा अभ्यास अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी केला. त्यातून निघालेले सूत्र सोपे आहे : तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. मोटारीच्या झिजलेल्या टायरला आणि साचलेल्या पाण्याला ते लावले, तर ३३ पीएसआयला ताशी सुमारे ९५ किलोमीटर आणि २५ पीएसआयला सुमारे ८३ किलोमीटर असा वेग येतो. खोल खाचांचा टायर ही वेळ पुढे ढकलतो, हा त्याचा उपयोग. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठीची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. कोरड्या दिवशी ती मर्यादा असेल. मुसळधार पावसात, अर्ध्या झिजलेल्या टायरांवर तो आकडा निव्वळ कागदावरचा आहे.

भारतात कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमानुसार मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी व तीनचाकीच्या ०.८ मिलिमीटर खोल असाव्यात. युरोपातही मोटारींसाठी मूळ मर्यादा १.६ चीच आहे. पण ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांत ३ मिलिमीटरच्या खाली ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर झपाट्याने वाढते, असे वारंवार दिसून आले आहे. ज्या प्रदेशात चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, तेथे शहाणपणाचा हिशेब सरळ आहे. मे महिन्याच्या अखेरीस टायरच्या खाचा मोजाव्यात. तीन मिलिमीटरपेक्षा कमी असतील, तर टायर ‘अजून सहा महिने जातील’ असे म्हणून दिवाळीपर्यंत ओढू नयेत. ते सहा महिने नेमके चुकीचे सहा महिने असतात. गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘गोटा’ झालेला टायर एक वेळ जानेवारीत खपून जाईल, जुलैत कसाऱ्याला नाही.

विजेच्या गाडीचे वेगळेपण

आतापर्यंतचे सारे पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे. मग विजेच्या मोटारीचा वेगळा विचार कशासाठी?

पहिले कारण वजन. एकाच बांधणीच्या पेट्रोल व विद्युत मोटारींत बॅटरीमुळे साधारण दोनशे-तीनशे किलोंचा फरक पडतो. म्हणजे गाडीत तीन-चार माणसे कायमची बसलेली आहेत असे समजावे. दुसरे कारण ओढ. पेट्रोल इंजिनाचा जोर हळूहळू चढतो, विजेच्या मोटरचा जोर पायाखालचा पेडल दाबताक्षणी चाकापर्यंत पोहोचतो. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या आणि नाशिकच्याच महिंद्र कारखान्यात तयार झालेल्या ‘एक्सयूव्ही ४००’ या विद्युत मोटारीचा हा जोर ३१० न्यूटन-मीटर आहे, आणि तो फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो. सिग्नल सुटल्यावर सर्वांच्या पुढे निघण्याची हौस टायर आपल्या पदरचे रबर खर्चून भागवत असतात. टायर कंपन्यांच्या सांगण्यानुसार विजेच्या गाडीचे टायर सुमारे वीस टक्के लवकर झिजतात. नव्या मालकाला याचे आश्चर्य वाटते, कारण ‘देखभालीचा खर्चच नाही’ असे ऐकून त्याने गाडी घेतलेली असते.

वजनामुळे टायर निवडताना जी चूक सर्वांत सहज होते ती भारांकाची. टायरच्या बाजूवर मापानंतर दोन अंकी आकडा असतो. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५ किलो भार चालतो. मापे तीच, रुंदी तीच, पण भारांक कमी असा टायर दुकानात थोडा स्वस्त मिळतो आणि तो चाकावर बसतोही बिनतक्रार. पेट्रोलच्या गाडीत कदाचित तो निभावेल. विजेच्या गाडीत पाच माणसे, सामान आणि इगतपुरीच्या बाजूचे खड्डे यांची बेरीज झाली की टायरच्या बाजूला फुगा येतो आणि पुढे केव्हातरी तो फुटतो. कारखान्यातून आलेल्या टायरपेक्षा कमी भारांकाचा किंवा कमी वेगचिन्हाचा टायर घ्यायचा नाही, ही गोष्ट दुकानदाराला आधीच बजावून ठेवलेली बरी. याच्या उलट टोकाची हौसही नाशिकमध्ये कमी नाही. मोठे अलॉय चाक आणि त्यावर रुंद, पातळ बाजूचा टायर चढवला की गाडी दिसते रुबाबदार. पण पाण्यावर तरंगण्याची तिची प्रवृत्ती वाढते, खड्ड्यात चाक वाकण्याची शक्यता वाढते आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटते ते वेगळेच.

या अंतराच्या ओढीतच विजेच्या गाडीच्या टायरचा खरा पेच दडलेला आहे. टायर फिरताना सतत दबतो आणि सुटतो, त्यात ऊर्जा वाया जाते. हा ऱ्हास जितका कमी, तितकी गाडी एका चार्जिंगमध्ये लांब जाते. म्हणून कंपन्या कारखान्यातून गाडी बाहेर काढताना कमी ऱ्हासाचे टायर बसवतात आणि जाहिरातीतील किलोमीटर वाढवतात. रबराची जुनी अडचण अशी की, ऊर्जा कमी खाणारे मिश्रण ओल्या रस्त्याला कमी चिकटते. सिलिकाच्या वापरामुळे अलीकडे ही तडजोड बरीच सौम्य झाली आहे, पण संपलेली नाही. चांगल्या टायरात दोन्ही गुण असतात आणि त्याची किंमत मोजावी लागते, स्वस्त टायरात बहुधा एकच असतो. नाशिकच्या ग्राहकाने तो एक गुण कोणता असावा हे ठरवायचे झाले, तर उत्तर अवघड नसावे. एका चार्जिंगमागे दहा-पंधरा किलोमीटर कमी पडले, तर वाटेत दहा मिनिटे थांबता येते. कसाऱ्याच्या वळणावर दहा मीटर कमी पडले, तर थांबायला जागा नसते.

पण ग्राहकाला हे कळणार कसे? टायरांचे रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांसाठीची मानके केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये अधिसूचित केली आणि नव्या आराखड्याच्या टायरांना ती ऑक्टोबर २०२२ पासून लागू केली. हे पाऊल स्वागतार्हच होते. मात्र ती किमान पात्रतेची अट आहे. उत्तीर्ण झालेल्यांत पहिला कोण आणि काठावरचा कोण, हे तीतून ग्राहकाला समजत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकन योजनेत टायरांनाही फ्रिज-वातानुकूलन यंत्राप्रमाणे तारे मिळतात. परंतु हे तारे ऊर्जेच्या बचतीचे आहेत. पाच तारे म्हणजे पाऊस पेलण्यात पहिला, असा त्याचा अर्थ नाही. युरोपात टायरच्या लेबलावर इंधन बचतीशेजारीच ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी अक्षरात छापलेली असते आणि तेथील ग्राहक दोन्ही पाहून निर्णय घेतो. ज्या देशात सगळे वाहतूक वेळापत्रक मोसमी पावसावर हेलकावते, त्या देशातील लेबलावर पावसाची श्रेणी ठळक नसावी, याला काय म्हणावे?

‘ईव्ही’ असा शिक्का असलेले टायर आता भारतीय कंपन्याही बनवतात. अपोलोने २०२२ मध्ये विद्युत मोटारींसाठी ‘अँपेरियन’ आणि दुचाकींसाठी ‘वॅव्ह’ ही नावे बाजारात आणली, सिएटचे ‘एनर्जीड्राइव्ह’ आहे. यातील सिएटचा तर नाशिकशी थेट संबंध. सातपूर औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आहे. गंमत अशी की, १९२४ साली इटलीतील तोरिनो शहरात सुरू झालेल्या या कंपनीच्या नावाची मूळ इटालियन फोड ‘विजेच्या तारा व तत्सम वस्तू, तोरिनो’ अशी होते. टायरांनी प्रसिद्ध झालेले नाव शंभर वर्षांनी पुन्हा विजेकडे वळले आहे. असो. मुद्दा असा की, ‘ईव्ही टायर’ अशी वेगळी कायदेशीर व्याख्या नाही. जास्त भार, कमी ऱ्हास आणि आवाज कमी करण्यासाठी आतून फोमचा थर, यांपैकी काही गुण त्यात असतात. इंजिनाचा आवाज नसल्याने विजेच्या गाडीत टायरचा घरघराट जास्त जाणवतो, म्हणून हा फोम. तो नसला तरी गाडी सुरक्षितच असते. भारांक योग्य, वेगचिन्ह योग्य आणि पावसातली पकड चांगली असलेला साधा टायर विजेच्या गाडीला बसवण्यात काहीच गैर नाही.

घाटातली वीज

कसारा घाटाचा विचार विजेच्या गाडीच्या चालकाने आणखी एका कारणासाठी करावा. इगतपुरी आणि कसारा यांच्यातील उंचीचा फरक सुमारे तीनशे मीटर. सतराशे किलोची गाडी एवढे उतरताना जवळपास १.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत ती ब्रेकच्या उष्णतेत आणि इंजिनाच्या घरघरीत जाते, विजेच्या गाडीत मोटर उलट काम करून तिचा मोठा भाग बॅटरीत परत भरते. ब्रेक थंड राहतात, वीजही मिळते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागा उरत नाही, आणि चालकाला सवयीचा झालेला तो रोध घाटाच्या सुरुवातीलाच गायब होतो किंवा अगदी कमी होतो. नाशिकहून निघालेल्या गाडीची बॅटरी इगतपुरीपर्यंत पुरेशी उतरलेली असते, त्यामुळे तिला भीती नाही. घोटी-इगतपुरी परिसरात जेवायला थांबून शंभर टक्के चार्जिंग करणाऱ्याने मात्र ते ऐंशी-नव्वदवर थांबवलेले चांगले.

दुसरी गोष्ट टायरांची. हा विजेचा रोध फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर येतो. पुढे मोटर असेल तर पुढच्या दोन चाकांवर. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल, धूळ आणि पाणी यांचा चिकट लेप तयार झालेला असताना वळणावर चालकाने पाय झटकन उचलला, तर तो त्या दोन चाकांवर ब्रेक मारल्यासारखाच असतो. चाक घसरू लागले की आधुनिक गाड्यांतील नियंत्रण यंत्रणा रोध कमी करते, पण तिलाही अखेर टायरच्याच पकडीवर विसंबावे लागते. म्हणून पावसाळ्यात हा रोध सौम्य पातळीवर ठेवावा. आणि पुढचे टायर अधिक झिजत असल्याने आठ-दहा हजार किलोमीटरांनी टायरांची अदलाबदल करावी. युरोपातील मालकाचे हे काम ऋतूबदलाच्या निमित्ताने वर्षातून दोनदा आपसूक होते. येथे ते आठवणीने करावे लागते. ही अदलाबदल हीच नाशिकची खरी ‘टायर बदली’ म्हणता येईल : मे अखेरीस एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.

ती करताना एक धोका आहे. विजेच्या मोटारीचा तळ म्हणजे बॅटरीची पेटी. रस्त्याकडेचा पंक्चरवाला सवयीने ट्रॉली जॅक गाडीच्या पोटाखाली जिथे सापडेल तिथे लावतो. पेट्रोलच्या गाडीत यात फार तर पत्रा दबतो. विजेच्या गाडीत जे दबेल ते गाडीतील सर्वांत महागडे अंग असते. जॅक लावायच्या जागा कंपनीने ठरवून दिलेल्या असतात, त्या मालकाने स्वतः पाहून ठेवाव्यात आणि काम होईपर्यंत शेजारी उभे राहावे. नट आवळताना पायाने पाना दाबण्याची पद्धतही सोडायला हवी, मोजून आवळणारा पाना आता बऱ्याच दुकानांत असतो.

पंक्चरचा विषय निघालाच आहे तर स्टेपनीचेही पाहू. हा शब्द मराठीने इतका आपलासा केला की, तो वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला, हे कोणाला सांगूनही खरे वाटू नये. तेथे १९०४ साली जादा चाक विकण्याचा धंदा सुरू झाला होता. शतकाहून अधिक काळ चाललेली ही सोबत आता तुटते आहे. केंद्र सरकारने जुलै २०२० च्या दुरुस्तीने, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास मोटारीत जादा चाक ठेवण्याची सक्ती उठवली. बॅटरीला जास्त जागा मिळेल, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. शहरात हे ठीक आहे. खिळ्याचे छिद्र संचातील द्रवाने बुजते. खड्ड्याच्या कडेने फाटलेली टायरची बाजू बुजत नाही. हरसूल किंवा सुरगाण्याच्या रस्त्यावर रात्री, भर पावसात, मोबाइलची रेंज नसताना हा फरक कळतो. ज्या गाडीत स्टेपनी येत नाही आणि जिच्या मालकाचे जाणे-येणे आदिवासी पट्ट्यात आहे, त्याने लहान आकाराचे जादा चाक डिकीत बसते का, हे गाडी घेतानाच पाहावे.

आतापर्यंतची चर्चा चारचाकीची झाली. प्रत्यक्षात नाशिकच्या रस्त्यांवर विजेच्या चारचाकींपेक्षा विजेच्या स्कूटर कितीतरी अधिक दिसतात. स्कूटरचा टायर अरुंद आणि गोलाकार असल्याने पाण्यावर तरंगण्याचा धोका कमी, पण घसरण्याचा जास्त. मोटर मागच्या चाकात किंवा मागच्या चाकाला जोडलेली. थ्रॉटल पूर्ण सोडताच रोध मागच्या एका चाकावर येतो. त्यात मागचा टायर मध्यभागी सपाट झालेला असेल आणि रस्त्यावर द्राक्ष-कांद्याच्या ट्रॅक्टरांनी आणलेला चिखल असेल, तर पडायला वेग फारसा लागत नाही. कायद्याची ०.८ मिलिमीटरची मर्यादा येथे फार उदार आहे.

तपासणार कोण?

टायर हा अपघातांच्या चर्चेत सोयीचा आरोपीही असतो, याचेही भान हवे. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने मात्र टायर फुटल्याचे पुरावे नसल्याचे म्हटले. तरीही झिजलेल्या टायरांनी या महामार्गावर घात होतो ही शंका निराधार नव्हती, आणि परिवहन विभागाने त्याच वर्षी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासण्यास सुरुवात केली. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मुंबईकडे जाणाऱ्या वाहनांना कसारा घाटाला पर्याय मिळाला. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात या महामार्गावर विजेच्या गाड्यांना पथकर माफीची तरतूद आहे. म्हणजे शासन स्वतःच या गाड्यांना राज्यातील सर्वाधिक वेगाच्या रस्त्यावर बोलावत आहे. ते योग्यच. पण या आमंत्रणासोबत टायरांविषयी एक ओळही नाही.

व्यवस्थेतील खरी फट येथे आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते, आणि तोवर तिला योग्यता तपासणीला सामोरे जावे लागत नाही. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासली जाते, ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी. आपल्याकडे निदान पेट्रोलची गाडी तेल बदलायला ठरल्या वेळी गॅरेजात जाते आणि कोणीतरी जाणकार तिच्या चाकांकडे पाहतो. विजेच्या गाडीला तेल नाही, धूर नाही म्हणून पीयूसी नाही. तिचे गॅरेजात जाणे कमी, हा तिचा गुण. त्याच गुणामुळे सर्वांत वेगाने झिजणारे तिचे अंग जाणकाराच्या नजरेआड राहते.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या प्रमुख पर्वण्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमधल्या आहेत, म्हणजे त्र्यंबकच्या भर पावसात. रस्तारुंदी, वाहनतळ, बसगाड्या यांची आखणी होईल, त्यावर कोट्यवधी खर्च होतील. त्या आखणीत वाहनतळांच्या प्रवेशावर टायरची खोली मोजणारा एक माणूस उभा करणे हा किरकोळ खर्च आहे. लागणारे मापक खिशात मावते. नाशिकमध्ये पेठ रस्त्यावर परिवहन विभागाचे स्वयंचलित तपासणी केंद्रही आहे, आणि तेथे रिक्षा, ट्रक, टॅक्सी रांगेने उभे असतात. खासगी विजेच्या मोटारीला पहिली पंधरा वर्षे त्या रांगेत उभे राहावे लागत नाही.